‘ड’ वर्गातलं वाचनालय

१९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना सरकारी मान्यतेची आणि अनुदानाची वाट मिळाली. अ, ब, क, ड असे वर्ग पडले. खेड्यातलं वाचनालय बहुधा शेवटच्या ‘ड’मध्ये: ग्रामपंचायतीच्या नाहीतर देवळाच्या आवारातली एक खोली, दोन-तीन लोखंडी कपाटं, टेबलावर घड्या मोडलेली वर्तमानपत्रं. हप्त्याने येणाऱ्या अनुदानात पुस्तकं, वीजबिल आणि ग्रंथपालाचं वेतन भागवायचं. वेतन कसलं, चहापाण्याचा खर्च!

तरी रोज कुलूप निघतं. सकाळी पेपरासाठी म्हातारी मंडळी, नंतर पोलीस भरती नि तलाठी परीक्षेची तयारी करणारी पोरं-पोरी. कादंबऱ्यांच्या कपाटाला हातही न लावता ती चालू घडामोडी घोकत बसतात. जुने वाचक नाक मुरडतात; आम्हाला त्यात काही वावगं दिसत नाही. तरण्या मुलीला दोन-चार तास निवांत बसता येईल आणि घरचेही हरकत घेणार नाहीत, अशी दुसरी जागा गावात आहे कुठे?

२०१७मध्ये पाचगणीजवळचं भिलार ‘पुस्तकांचं गाव’ झालं. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या गावात घराघरांत पुस्तकं आली, याचं कौतुकच आहे. पण ते बरंचसं पाहुण्यांसाठी. ‘ड’ वर्गातल्या खोलीला रंगीत फलक नकोत; ग्रंथपालाचा पगार वेळेवर व्हावा आणि परीक्षेचं नवं पुस्तक परीक्षेआधी यावं, एवढं झालं तरी पुष्कळ.