तांब्याची बाटली आणि जंतूंचा पंप

मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे मराठी लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घाची बोंब. पण विषय पोटाचा आहे, सांभाळून घ्या.

मागच्या पावसाळ्यात आमच्या अर्ध्या विंगची पोटं बिघडली. उपाय काय निघाला? तांब्याच्या बाटल्या! माझ्याही टेबलावर एक आली. "तांबं आहे ना, मग टाकीचं कशाला टेन्शन?" माझं मत नेमकं उलटं आहे.

तांबं जंतू मारतं, हे खरंच. पेशीत ते जास्त झालं की लोह-गंधकावर चालणारी एन्झाइम्स निकामी होतात. पण जंतू काय हात जोडून बसतात? आपल्याच आतड्यातला ई. कोलाय बघा. आत तांबं जरा वाढलं की 'क्यू-आर' नावाचं प्रथिन ते ओळखतं (तो मोबाइलवाला कोड नव्हे!). मग 'कॉप-ए' हा पंप एटीपी जाळून तांबं पेशीच्या दोन आवरणांमधल्या जागेत फेकतो. तिथे 'क्यू-ओ' हे एन्झाइम त्याचं कमी घातक रूप करतं. तरी भागलं नाही, तर 'कस' ही यंत्रणा ते थेट बाहेर टाकते. सेन्सर, पंप, ट्रीटमेंट, ड्रेनेज! आमच्या एकाही प्रोजेक्टमध्ये एवढं सगळं एकदम चाललेलं मी पाहिलेलं नाही.

२००८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तांब्याच्या मिश्रधातूंची जंतुनाशक म्हणून नोंदणी केली. २ तासांत ठरावीक जंतूंपैकी ९९.९ टक्क्यांहून जास्त मरतात, हे मान्य केलं. पण कुठे? नियमित साफ केलेल्या पृष्ठभागावर. शिवाय हे नेहमीच्या स्वच्छतेला पूरक आहे, पर्याय नाही, असंही बजावलं.

आणि आमच्या बाटल्या? आत हात जात नाही, म्हणून घासतच नाही. आत बुळबुळीत थर. त्या थराच्या आडोशाला जंतू मजेत. वर टाकी तशीच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

माझं म्हणणं एवढंच: टाकी धुतल्याची तारीख टाकीवरच ठळक लिहा, म्हणजे कोणालाही विचारता येईल. पाणी उकळा किंवा फिल्टर करा. त्यानंतर तांबं खुशाल वापरा.

माझी आजी रोज सकाळी चिंच लावून तांब्याची कळशी घासायची. मला वाटायचं, चकाकावी म्हणून. तांबं आम्ही उचललं. घासणं मात्र तिच्याकडेच राहिलं.