संकल्प कागदावर घ्या



वेळ अमावस्येला रानात कोपीपुढे बसून आंबील पिताना आपण पुष्कळ बेत करतो. यंदा सावकाराची पायरी चढायची नाही. कापसाचे पैसे आले की आधी सोसायटी भरायची. पोरीच्या लग्नासाठी रान गहाण टाकायचे नाही. आंबील संपते, कोपी मोडते आणि मृगाच्या तोंडावर बी-खतासाठी आपण पुन्हा त्याच दाराशी उभे असतो. बेत खोटे नसतात. पण ते कुठे लिहिलेले नसतात आणि कुणाच्या देखत केलेले नसतात.

आमचे म्हणणे नीट समजून घ्या. शेतकऱ्याचे कर्ज हे उधळपट्टीचे पाप नव्हे, भाव पाडणाऱ्या धोरणाचे फळ आहे. काटकसरीचे कीर्तन करायला आम्ही बसलेलो नाही. पण घरात हिशेब नसेल तर भावाची लढाईही लंगडी पडते. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये आणि संकरित ज्वारीला ३,६९९ रुपये हमीभाव ठरला. खर्चाच्या दीडपट दिला, असे सरकार सांगते. त्या खर्चात आपल्या स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याज धरलेले नाही. मग आपला खर्च किती? वेचणीला किती गेले, फवारणीला किती, असे बैठकीत विचारले की बहुतेक जण अंदाज सांगतात. अंदाजाने दिल्ली हलत नाही.

संकल्प कसा टिकतो हे आपल्याच चळवळीने दाखवले आहे. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. सरकारकडे कर्जमुक्ती मागणाऱ्याने आधी घरच्या लक्ष्मीचे कर्ज फेडावे, जमिनीचा तुकडा तिच्या नावे करावा, हा त्याचा अर्थ. शंभर घरांनी हे केले की ते गाव लक्ष्मीमुक्तीचे. जळगाव जिल्ह्यातील विटनेरसारख्या गावांनी ते करून दाखवले. भाषणाला टाळ्या वाजवणे सोपे असते. येथे गावादेखत शब्द द्यायचा होता आणि तो तलाठ्याच्या दप्तरी चढवायचा होता. एकदा चढलेला शब्द रात्रीतून विरत नाही.

भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडे (आताचे धाराशिव) ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ संस्थेच्या कामातही हेच दिसले. बायांनी घरच्या रानातून अर्धा-एक एकर मागून घेतले आणि स्वतःच्या निर्णयाने धान्य, कडधान्य, भाजीपाला पिकवला. या संस्थेला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मागितले ते मोजून मागितले, म्हणून मिळाले.

तेव्हा यंदा प्रत्येक घराने तीनच संकल्प करावेत.

पहिला, कर्जाचा. सोसायटी, बँक, सावकार, कृषी केंद्राची उधारी, सगळे एका पानावर मांडा. त्यातले कोणते आणि किती उतरवायचे तो आकडा लिहा. राज्यात ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर व्याज शून्य पडते. मुदत चुकली की सवलत गेली. ती तारीख त्याच पानावर असू द्या.

दुसरा, पोटाचा. सगळ्या रानात कपाशी नको. एक एकर ज्वारी आणि कडधान्य घरासाठी ठेवा. भाकरी घरची, कडबा घरचा, मग कापूस पडत्या भावात विकायची घाई राहत नाही.

तिसरा, नावाचा. १५ सप्टेंबर १९९२ च्या सरकारी परिपत्रकाप्रमाणे नवऱ्याने स्वतः अर्ज केला तर त्याच्या हयातीतच सातबाऱ्यावर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लागते. घरधनी गेल्यावर कर्ज तिच्या दारी येते, पण रान तिच्या नावावर नसते. असे हेलपाटे घालणाऱ्या बाया प्रत्येक गावात आहेत. आपल्या घरी तशी पाळी येऊ द्यायची का, एवढेच स्वतःला विचारा.

हे पान नवरा-बायकोने मिळून लिहावे. पाऊस दगा देईल, भाव पडेल, आकडा गाठता येणार नाही. त्याची लाज नाही. कुठे आणि कशाने चुकला हे तरी वही सांगेल, आणि तीच नोंद घेऊन आपण सरकारपुढे उभे राहू.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना वही घेऊन या. आमचीही वही बैठकीत उघडी राहील.