संमेलन कोणाच्या दारी?

- विशेष प्रतिनिधी

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष कोण, यावर महाराष्ट्रात वर्षानुवर्षे हिरीरीने वाद झाले. संमेलन कोठे भरावे, या प्रश्नाकडे मात्र त्या मानाने दुर्लक्षच झाले. अध्यक्षपदाची निवडणूक बंद होऊन २०१९ च्या यवतमाळ संमेलनापासून अध्यक्षांची सन्मानाने निवड होऊ लागली आणि चित्र बदलले. आता संमेलनापूर्वीची खरी चुरस असते ती स्थळासाठी. जानेवारी २०२६ मध्ये साताऱ्यात ९९ वे संमेलन पार पडले. शंभराव्या संमेलनाच्या उंबरठ्यावर या निवडीचे निकष तपासून पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

निवडीची रूढ पद्धत साधी आहे. संमेलन घेऊ इच्छिणाऱ्या संस्था साहित्य महामंडळाकडे निमंत्रण पाठवतात. महामंडळाची स्थळ निवड समिती त्यांतील काही ठिकाणांना भेट देते आणि तिच्या अहवालावरून महामंडळ निर्णय घेते. निवास, भोजन, मंडप, वाहनतळ आणि यजमानांची आर्थिक ताकद या गोष्टी समिती पाहते. त्या पाहायलाच हव्यात. पण समितीच्या अहवालात काय लिहिले होते आणि इतर निमंत्रणे कोणत्या कारणाने मागे पडली, हे वाचकांपर्यंत सहसा पोहोचत नाही. साहजिकच घोषणा झाली की शंकाकुशंकांना तोंड फुटते.

याची सर्वांत बोलकी साक्ष २०१७ ची. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ९१ व्या संमेलनासाठी बुलडाणा जिल्ह्यातील हिवरा आश्रमाची निवड जाहीर झाली. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने त्यास आक्षेप घेतला, वाद पेटला आणि अखेर आश्रमानेच निमंत्रण मागे घेतले. ऐनवेळी बडोद्याची निवड करावी लागली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये संमेलन तेथे झाले. व्यासपीठाला अर्थ देणारी पहिली गोष्ट यजमान असते, हा या प्रकरणाचा धडा. भोजन-निवासाची चोख व्यवस्था हा त्या प्रश्नाला पर्याय होऊ शकत नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या स्थळांचा प्रश्न वेगळा आहे. २००९ चे संमेलन अमेरिकेत नेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा सामान्य वाचकाला तेथे जाणे परवडणार कसे, हा सवाल उभा राहिला. शेवटी सॅन होजे येथे स्वतंत्र विश्व मराठी साहित्य संमेलन झाले आणि ८२ वे संमेलन महाबळेश्वरला भरले. २०१५ मध्ये संत नामदेवांच्या कर्मभूमीत, पंजाबातील घुमान येथे संमेलन नेण्याचे ठरले. भावनिकदृष्ट्या ही निवड उचितच होती. पण जेथे मराठी वाचक नाही तेथे पुस्तके विकायची कोणाला, असे म्हणत प्रकाशकांनी विरोधाचा पवित्रा घेतला. दोन्ही बाजूंत तथ्य होते. प्रतीक म्हणून स्थळ थोर असले, तरी पुस्तकांच्या गाळ्यांचे भाडे प्रतीकातून निघत नाही. २०२५ च्या दिल्ली संमेलनाला निदान तेथील मराठी वस्तीचा आणि १९५४ च्या परंपरेचा आधार होता.

गाव ठरले म्हणून प्रश्न संपत नाही. गावात नेमके कोठे, हेही तितकेच महत्त्वाचे. नाशिकचे ९४ वे संमेलन मार्च २०२१ मध्ये शहरातील गोखले एज्युकेशन सोसायटीच्या आवारात व्हायचे होते. करोनामुळे ते लांबले आणि डिसेंबरमध्ये शहराबाहेर आडगावच्या भुजबळ नॉलेज सिटीत भरले. जागा प्रशस्त मिळाली. पण संध्याकाळी घरून चालत येऊन दोन पुस्तके चाळणारा वाचक अशा ठिकाणी येईल कसा? संमेलनाचा श्रोता मोटारीने येणारा निमंत्रित नसतो. तो विद्यार्थी, शिक्षक, ग्रंथपाल किंवा निवृत्त कर्मचारी असतो. एसटी स्थानकापासूनचे अंतर आणि रात्री परतीच्या बसची सोय या बाबी म्हणूनच मंडपाच्या आकाराएवढ्याच निर्णायक आहेत.

यजमानपदाचे राजकारण हा या साऱ्याचा कणा आहे. खर्च कोटींत गेला की स्वागताध्यक्षपद पुढाऱ्याकडे जाते आणि स्थळही त्याच्या प्रभावक्षेत्रात सरकते. शासकीय अनुदान ५० लाखांवरून दोन कोटींवर गेले आहे. हे पैसे जनतेचे असल्याने लहान गावातील वाचनालयालाही पुढाऱ्याच्या आधाराविना निमंत्रण देता यायला हवे. तसे होत नसेल, तर वाढीव अनुदानातून केवळ मंडपाची शोभा वाढली, असेच म्हणावे लागेल.

यावर उपाय अवघड नाहीत. आलेल्या सर्व निमंत्रणांची यादी आणि समितीचा अहवाल महामंडळाने प्रसिद्ध करावा. परिसरातील ग्रंथालये व महाविद्यालये, सार्वजनिक वाहतूक, ग्रंथविक्रीची शक्यता आणि यजमान संस्थेचे वाङ्मयीन कार्य यांना गुण द्यावेत. घोषणेपूर्वी प्रकाशकांचे मत विचारात घ्यावे. १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात पहिली सभा भरली, ती ग्रंथकारांची होती. पुढे तिचे संमेलन झाले ते वाचक आले म्हणून. तो वाचक जेथे सहज पोहोचेल, तेच संमेलनाचे योग्य स्थळ.