चेंडूची परीक्षा तेलावर

टेनपिन बोलिंगमध्ये नव्या चेंडूची परीक्षा लेनवरच्या तेलापासून सुरू होते. फाऊल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंतचे अंतर 60 फूट. त्यातल्या सुरुवातीच्या साधारण 35 ते 45 फुटांवर यंत्राने तेलाचा पातळ थर दिलेला असतो. पुढचा भाग कोरडा असतो. तेलावर चेंडू घसरतो, कोरड्या फळ्यांवर घर्षण मिळताच वळतो आणि शेवटी गडगडत पिनांवर आदळतो. यातला कोणता टप्पा किती लांबला, यावर चेंडूचा गुण ठरतो. क्रिकेटची खेळपट्टी निदान डोळ्यांना दिसते; हे तेल पारदर्शक असते. म्हणून ‘हा चेंडू जबरदस्त वळतो’ या शिफारशीला, तेल कोणते होते हे सांगितल्याशिवाय, काहीच अर्थ उरत नाही.

लेनची रुंदी 39 फळ्यांची असते. करमणूक केंद्रांतल्या नेहमीच्या पॅटर्नमध्ये, म्हणजे तेलाच्या मांडणीत, मधल्या फळ्यांवर भरपूर तेल असते आणि कडेला अगदी थोडे. मधले तेल कडेच्या दहापटही असू शकते. चेंडू जरा बाहेर गेला तर कोरडी कड त्याला परत वळवते, आत राहिला तर तेल त्याला फार वळू देत नाही. ही लेन खेळाडूच्या चुका पोटात घालते. स्पर्धेच्या कठीण पॅटर्नमध्ये हा फरक साधारण तिपटीच्या आत असतो आणि चुकलेली फेक चुकलेलीच राहते. तेलाच्या लांबीसाठी खेळाडू 31 चा ठोकताळा वापरतात. लांबीतून 31 वजा केले की चेंडू कडेपासून साधारण कितव्या फळीवरून आत वळावा ते कळते : 35 फुटांवर चौथी, 40 फुटांवर नववी, 45 फुटांवर चौदावी.

चेंडूत सर्वांत निर्णायक असते ते बाहेरचे आवरण. पॉलिएस्टरचा चेंडू जवळजवळ सरळ जातो, म्हणून तो स्पेअरसाठी, म्हणजे दुसऱ्या फेकीत उरलेल्या पिना पाडण्यासाठी, ठेवतात. युरेथेन लवकर पकड घेते आणि सौम्य कमान काढते. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला आलेले रिअॅक्टिव्ह रेझिन तेल शोषते आणि कोरड्या भागात झपाट्याने वळते. त्याच आवरणाला 500 ग्रिटच्या खरखरीत पॅडने घासले तर चेंडू लवकर वळू लागतो. 4000 ग्रिटने गुळगुळीत केले तर तो लांबवर घसरत जातो. त्यानंतर येतो गाभा. ‘आरजी’चा, म्हणजे वस्तुमान मध्यापासून किती दूर विखुरले आहे ते सांगणारा, आकडा कमी असेल तर चेंडू लवकर गडगडू लागतो, जास्त असेल तर उशिरा. युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसच्या नियमांत हा आकडा 2.46 ते 2.80 इंचांच्या दरम्यान असावा लागतो.

परीक्षेची पहिली अट तुलना ही आहे. ओळखीचा जुना चेंडू सोबत हवा, दोन्हींची छिद्रे शक्यतो सारख्या मांडणीची हवीत, फेकणारा हात तोच हवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची : पॅटर्न किंवा आवरणाचा पोत. दोन्ही एकदम बदलले तर फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही.

नेहमीच्या पॅटर्नवर जवळपास प्रत्येक चेंडू चांगला दिसतो; तिथे वळणाचा आकार तेवढा नोंदवावा. आखूड पॅटर्नवर कोरडा भाग मोठा असल्याने ताकदीचा चेंडू फार लवकर वळतो. तिथे तो कडेच्या फळ्यांवरून आवरता येतो का, हे पाहावे. 45 फुटांच्या पॅटर्नवर वळायला शेवटचे 15 फूटच उरतात. चकचकीत चेंडू तिथे घसरत राहतो आणि पॉकेटपर्यंत, म्हणजे पहिल्या पिनच्या बाजूच्या फटीपर्यंत, पोचत नाही. खरखरीत आवरणाचा खरा उपयोग तिथेच कळतो.

पिनाही उत्तर देतात. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू पॉकेटमध्ये बसूनही 10 क्रमांकाची पिन उभी राहिली आणि 6 क्रमांकाची पिन निपचित गटरात पडली, तर बहुधा चेंडूचा कोन सपाट आहे किंवा त्याचा जोर वाटेतच संपला आहे. सर्वांत परिणामकारक कोन सुमारे 6 अंशांचा मानला जातो. चेंडूवर उमटलेली तेलाची कडीही पाहावीत. ती एकमेकांपासून दूर असतील तर प्रत्येक फेरीत आवरणाचा नवा, कोरडा भाग लेनला लागतो आहे.

शेवटची कसोटी वेळेची. रेझिनचे चेंडू तेल शोषून वाट कोरडी करत जातात. युरेथेन आणि पॉलिएस्टर तेल पुढे ओढत नेतात. पहिल्या गेमला अचूक चालणारा चेंडू तिसऱ्या गेमला पॉकेट ओलांडून पलीकडे जाऊ शकतो. शिवाय वापराने आवरणाचा खरखरीतपणा झिजतो. त्यामुळे ताज्या तेलावरच्या दहा-बारा फेकींवर दिलेला निकाल घाईचा ठरतो.

पॅटर्नची लांबी, आवरणाचा पोत आणि तुलनेचा चेंडू या तीन नोंदी ज्या परीक्षणात नाहीत, त्यावर विसंबून खरेदी करू नये. महागडा, ताकदवान चेंडू सर्वांनाच लागतो असेही नाही. आपण नेहमी खेळतो त्या केंद्रात तेल किती फुटांपर्यंत घालतात, हे तिथल्या कर्मचाऱ्यांना आधी विचारावे आणि मगच चेंडू निवडावा.