समुद्रदेव पंचगंगेच्या काठी

दोस्तांनो, गुप्तहेर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कोण येतं? सायकलवरून सुसाट सुटलेला फास्टर फेणे? की तोंडात पाइप धरलेला शेरलॉक होम्स? पण इंग्लंडच्या अगाथा ख्रिस्तीबाईंनी १९२७ साली एका गोष्टीत जी गुप्तहेर आणली, ती चक्क एक आजीबाई होती! नाव मिस मार्पल. खेड्यात राहायचं, लोकर विणायची, बागेतलं तण काढायचं, हेच तिचं आयुष्य. हातात ना पिस्तूल, ना पोलिसाचा बिल्ला. पण कुठं काही विपरीत घडलं की तिला आपल्या गावातली तशीच एखादी जुनी भानगड आठवायची. ती या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून बघायची आणि कोडं सुटायचं.

वय झालेल्या माणसांपाशी हे भांडवल असतं बघा. पाहिलेलं पुष्कळ, आणि घाई अजिबात नाही. आज अशाच एका कोड्याची गोष्ट सांगतो. ही मात्र खरीखुरी, आपल्या कोल्हापुरातली.

पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. राजाराम कॉलेजात कन्नड शिकवणारे प्रा. के. जी. कुंदणगार यांनी १९४४ च्या सुमारास तिथं खोदकाम हाती घेतलं. तेव्हा ते पन्नाशीच्या घरात होते. उत्खनन हा काही त्यांचा पेशा नव्हे. पण जुने शिलालेख वाचायचा भारी नाद! कोल्हापूर संस्थानातल्या शिलालेखांवर त्यांचं पुस्तकही निघालं होतं. तर ब्रह्मपुरीच्या मातीतून धातूच्या वस्तूंचा एक साठाच बाहेर आला. भांडी होती, पाठीवर माणसं बसलेला एक सुरेख हत्ती होता. आणि त्यांतच होता एक वीतभरही उंची नसलेला दाढीवाला पुरुष. अंगावर वस्त्र नाही, एक हात वर उचललेला.

हा कोण? आपल्या देवांची ठेवण अशी नसते. दागिने नाहीत, मुकुट नाही. शरीराचा एकेक स्नायू मात्र खऱ्या पहिलवानासारखा! (कोल्हापुरात निघाला म्हणून तालमीतला समजू नका हं.) तुलना सुरू झाली आणि उत्तर मिळालं. हा पोसायडन, ग्रीक लोकांचा समुद्राचा देव. रोमन लोक त्यालाच नेपच्यून म्हणत. वर उचललेल्या हातात त्याचा त्रिशूळ असायचा. साठ्यातली धातूची एक सुरईही परकी निघाली. तशा सुरया सापडतात थेट इटलीत, पाँपेई या शहरात! इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, तेच हे शहर.

पुढं १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी ब्रह्मपुरी थराथरानं खणली. घरात रद्दी साठते तशीच ही गंमत. सगळ्यात खालचा पेपर सगळ्यात जुना. खालच्या थरांत सातवाहन काळातली विटांची घरं निघाली. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथं एक नांदतं गाव होतं.

आता एक झकास दुवा बघा. कोल्हापुरात त्या काळातली शिशाची नाणी सापडतात. त्यांवर धनुष्यबाण आहे आणि विळिवायकुर नावाच्या राजाचं नाव आहे. इकडे टॉलेमी नावाचा एक भूगोलकार इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, दूर इजिप्तमध्ये बसून, आपल्या भागातल्या एका राजाचं नाव नोंदवतो. काय नाव? बलेओकुरोस! दोन्ही नावं एकापाठोपाठ मोठ्यानं म्हणून बघा. हा एकच राजा असावा, असं अनेक अभ्यासकांनी मानलं आहे.

पण तुलना करायची तर जपून ठेवलेल्या वस्तू हव्यात. नाहीतर जुनं तांबं-पितळ मोडीत जातं आणि खापरं उकिरड्यावर. एकदा भट्टीत वितळलं की कुठला पोसायडन नि कुठली सुरई! म्हणूनच मला धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावचे रामलिंगप्पा लामतुरे फार मोठे वाटतात. तेरच्या पांढरीच्या टेकाडांतून निघणारे मणी, नाणी, मातीच्या मूर्ती त्यांनी वर्षानुवर्षं हौसेनं गोळा केल्या. आज तिथलं सरकारी संग्रहालय त्यांच्याच नावानं आहे. तिथं हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. आणि तिच्याशी मिळतीजुळती, आपल्याच देशात घडलेली हस्तिदंती मूर्ती १९३८ साली कुठं सापडावी? पाँपेईतल्या एका घरात! म्हणजे तिकडचा देव इकडे आला, आणि इकडची बाई तिकडे गेली.

वाटही अंदाजानं काढता येते. पावसाळी वाऱ्यावर तांबड्या समुद्रातून जहाजं निघायची, ती भडोच, कल्याण, चौल अशा बंदरांना लागायची. तिथून माल बैलांच्या पाठीवर लादून सह्याद्रीचे घाट चढायचा. नकाशा काढा आणि बोटानं ही वाट गिरवा. आईबाबांनाही बसवा सोबत.

कोडं मात्र निम्मंच सुटलंय. हा देव आणला कुणी? एखाद्या व्यापाऱ्यानं नजराणा म्हणून दिला? की परदेशी खलाशानं आपल्या रक्षणाला बरोबर आणला आणि पैशांपायी विकला? की कुणा तांबटानं वितळवायलाच घेतला होता आणि ते राहून गेलं? माझं मत व्यापाऱ्याला. तुमचं वेगळं असेल, तर त्याचं कारणही सांगता आलं पाहिजे.

ब्रह्मपुरीच्या या ठेव्यामुळेच कोल्हापूरचं वस्तुसंग्रहालय सुरू झालं आणि १९४९ साली ते टाउन हॉलमध्ये आलं. सीपीआर हॉस्पिटलजवळची ती उंच मनोऱ्यांची इमारत तुम्हांला ठाऊकच असेल. तिथं गेलात तर पोसायडनचा उचललेला हात नीट बघा. त्या हातातला त्रिशूळ आजही बेपत्ता आहे.