खेळांतल्या मोटारींचा मार्ग : लांकडी कीं प्लास्टिकचा?

आमच्या वाचकांपैकीं एका वृद्ध गृहस्थांचें पत्र गेल्या महिन्यांत आम्हांस आलें. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त सहकुटुंब इंग्लंडांत राहतात. नातवाची मुंज यंदा झाली, व मुंजीची भेट म्हणून "तूं मागशील तें खेळणें घेऊन देईन" असा शब्द आजोबांनीं त्यास दिला. नातवानें मागितलें तें विजेवर धांवणाऱ्या लहान मोटारींच्या शर्यतीचें साहित्य. येथपर्यंत सर्व ठीक झालें. पण मोटारी ज्यावर धांवावयाच्या तो मार्ग लांकडाचा करावा कीं प्लास्टिकचा विकत आणावा, यावरून मुलाचा व सुनेचा मतभेद झाला. चिरंजीव म्हणतात, खरा मार्ग लांकडाचाच, आणि तो मी स्वतः तयार करीन. सूनबाई म्हणतात, प्लास्टिकचा आणा. खेळ संपला म्हणजे पेटींत भरून ठेवतां येतो. पैसे देणारे आजोबा मध्यें सांपडले आहेत, आणि "आपणच काय तो निर्णय द्यावा" अशी त्यांची आम्हांस आज्ञा आहे. मुलांच्या हातीं काय द्यावें याचा विचार करणारीं घरें आमच्या वाचकांत पुष्कळ असल्यामुळें उत्तर खासगी पत्रानें न पाठवितां येथेंच देतों.

हा खेळ ज्यांनीं पाहिला नसेल त्यांच्यासाठीं प्रथम दोन शब्द. इंग्रजींत या मोटारींस स्लॉट कार म्हणतात. मार्गावर प्रत्येक गाडीसाठीं एक अरुंद खांच असते, व गाडीच्या पुढच्या भागीं पोटाखालीं असलेली एक लहानशी जीभ त्या खांचेंत उतरते. खांचेच्या दोन्ही अंगांस धातूचे दोन रूळ असतात; त्यांतून गाडीच्या यंत्रास वीज मिळते. खेळणाऱ्याच्या हातांत बंदुकीच्या घोड्यासारखी एक कळ असते. ती जितकी दाबावी तितका वेग वाढतो. सुकाणू नाहींच, तेव्हां यांत कौशल्य तें कसलें, असें कोणी विचारील. कौशल्य आहे तें वेग आवरण्यांत. वळणावर कळ वेळेवर सैल केली नाहीं तर गाडीचा मागचा भाग बाहेर फेंकला जातो, जीभ खांचेंतून सुटते, आणि गाडी मार्गाबाहेर जाऊन पडते. साधारणतः या गाड्या खऱ्या मोटारीच्या बत्तिसाव्या हिश्शाच्या, म्हणजे सुमारें चौदा सेंटिमीटर लांब असतात.

फ्रेड फ्रान्सिस या इंग्रज कारखानदाराच्या मिनिमॉडेल्स कंपनीनें १९५२ सालीं स्केलेक्स या नांवानें स्प्रिंगवर धांवणाऱ्या गाड्या काढल्या होत्या. त्यांस विजेची जोड देऊन १९५७ सालीं हॅरोगेट येथील खेळण्यांच्या प्रदर्शनांत त्यानें जो खेळ मांडला, तोच पुढें स्केलेक्स्ट्रिक या नांवानें घरोघर गेला. मौज अशी कीं त्याचा पहिला मार्ग लांकडाचाही नव्हता आणि प्लास्टिकचाही नव्हता. तो रबराचा होता. प्लास्टिक मागाहून आलें. तिकडे अमेरिकेंत १९६० नंतरच्या दशकांत मोठमोठ्या दिवाणखान्यांतून आठ आठ गाड्या एकदम धांवतील असे लांकडी मार्ग उभारले गेले, व पैसे देऊन तासाच्या हिशेबानें लोक तेथें खेळूं लागले. तें वेड दशक संपतां संपतां बरेंच ओसरलें. पण लांकडी मार्गाची परंपरा क्लबांतून राहिली ती आजतागायत.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. आजोबांनीं पत्राच्या शेवटीं एक गोष्ट ओझरती लिहिली आहे, व आमच्या मतें सर्व प्रश्नाची किल्ली तींतच आहे. मुलगा एका मित्राकडे प्लास्टिकच्या मार्गावर खेळतो, तेथें तो बहुधा जिंकतो. घराजवळच्या क्लबांत लांकडी मार्ग आहे. तेथें तो तीन वेळां गेला, आणि तिन्ही वेळां त्याची गाडी वळणावळणाला उडून पडली. चौथ्या वेळीं त्यानें जाण्याचें नाकारलें, व "मला हें येतच नाहीं" असें म्हणून तो खोलींत जाऊन बसला. वडिलांस वाटतें, घरीं लांकडी मार्ग झाला म्हणजे सराव होईल. आजोबांस भय वाटतें कीं तोंपर्यंत मुलाचें मनच खेळावरून उडेल, आणि "मला येत नाहीं" हें वाक्य तेवढें मागें राहील. अकरा वर्षांच्या मुलाच्या तोंडीं हें वाक्य बसलें कीं तें या खेळापुरतें राहत नाहीं, हें इतकीं वर्षें वर्गांत उभे राहिल्यावर आम्हांस कोणी सांगावयास नको.

मुलाची चूक नाहीं. घरगुती खेळाच्या बहुतेक गाड्यांच्या पोटांत एक लहानसा लोहचुंबक बसविलेला असतो. प्लास्टिकच्या मार्गाचे रूळ पोलादी; चुंबक त्यांकडे ओढला जातो, आणि गाडी मार्गास चिकटल्यासारखी धांवते. वळणावर वेग थोडा अधिक झाला तरी तो सांवरून घेतो. लांकडी मार्गावर रुळांच्या जागीं सामान्यतः तांब्याची पट्टी चिकटवितात, किंवा तांब्याच्या बारीक तारांची विणलेली वेणी बसवितात. तांब्यास चुंबक ओढीत नाहीं. (चुंबकास दाद देणारी वेणीही कोठें कोठें वापरतात, तो अपवाद समजावा.) म्हणजे गाडी तीच, बोट तेंच, पण आजवर खालून धरून ठेवणारा हात तेवढा नाहींसा झाला. संस्कृतांत लोहचुंबकास अयस्कांत म्हणतात. कुमारसंभवाच्या दुसऱ्या सर्गांत शंकराचें संयमी मन उमेच्या रूपानें ओढून घ्यावें असें ब्रह्मदेव देवांस सांगतो, तेथें कालिदासानें अयस्कांताचीच उपमा योजिली आहे. तेथें अयस्कांतानें संयम ढळावयाचा होता. येथें तो खेळणाऱ्यास संयमाची गरजच भासूं देत नाहीं.

आणखी एक भेद आहे. चुंबकाची गाडी सुटते ती एकाएकीं. सुटेपर्यंत कांहीं सूचना देत नाहीं. चुंबकावांचून धांवणारी गाडी वळणावर आधीं शेपूट हलविते, थोडी घसरते, आणि डोळे उघडे असतील तर कळ सैल करण्यास क्षणभर अवधि देते. ती घसरण ओळखून बोट आवरणें हीच या खेळांतील विद्या होय. क्लबांतले लोक लांकडाचे एवढे अभिमानी कां, याचें कारण आमच्या मतें लांकडांत नसून यांत आहे.

लांकडाचे इतर गुण खोटे नाहींत. खांच एका सलग तक्त्यांत कोरलेली असल्यामुळें सांधे थोडे. वळण हवें तितकें रुंद किंवा निमुळतें घेतां येतें. दोन गाड्यांमधील अंतर आपल्या मर्जीचें ठेवतां येतें. प्लास्टिकच्या मार्गांत कारखानदार देईल तेवढींच वळणें, व एका कारखान्याचा तुकडा दुसऱ्याच्या तुकड्यास सरळ जुळत नाहीं. स्केलेक्स्ट्रिकच्या मार्गाची रुंदी १५६ मिलिमीटर, तर कारेरा या जर्मन कंपनीच्या मोठ्या मार्गाची १९८. सांध्यांचा हिशेब तर मुलाकडूनच करवून घ्यावा. ३५० मिलिमीटरांचे २८ तुकडे जोडून सुमारें दहा मीटरांचा फेरा केला, तर सांधे २८; प्रत्येक सांध्यावर दोन खांचांचे मिळून चार रूळ; म्हणजे वीज ११२ ठिकाणीं एका तुकड्यांतून दुसऱ्यांत उडी घेणार. त्यांतील कांहीं सांधे सैल पडले किंवा रुळांस गंज चढला कीं फेऱ्याच्या दूरच्या टोकास गाडी मंदावते. यावर उपाय आहे: मूळ जोडणीखेरीज दूरच्या भागांतही एक दोन ठिकाणीं तारा आणून जोडाव्या, आणि रूळ वरचेवर पुसावे.

पण चिरंजीवांनीं जो बेत केला आहे त्याचा विचार करूं. तक्ता सामान्यतः एमडीएफचा, म्हणजे लांकडाचे बारीक तंतू राळेंत दाबून केलेला असतो. बारा मिलिमीटर जाडीचा, आठ फूट लांब व चार फूट रुंद. त्यांत राऊटर नांवाच्या फिरत्या यंत्रानें सुमारें तीन मिलिमीटर रुंद व सहासात मिलिमीटर खोल खांच कोरावयाची. हात तसूभर हलला कीं ती वांकडी झाली. कोरतांना निघणारा भुगा अतिशय बारीक असतो व श्वासाबरोबर आंत जाणें फार वाईट. तोंडास मुखवटा बांधून, शक्य तर उघड्यावरच तें काम करावें लागतें. पुढें तक्त्यास दोन्ही बाजूंनीं रंग द्यावा लागतो, नाहींतर ओल लागून तो फुगतो. मग पट्ट्या, मग तारा. पत्रावरून दिसतें कीं घर भाड्याचें आहे, जिना अरुंद आहे, आणि चिरंजीव आठवड्यांतून दोन दोन रात्री कामानिमित्त बाहेर असतात. अशा स्थितींत अर्धवट कोरलेला तक्ता भिंतीस टेकून वर्षभर उभा राहील, आणि मुलगा रोज त्याच्यावरून ये-जा करील. बापाच्या हौसेचा आम्ही अनादर करीत नाहीं. बापलेकांनीं मिळून एखादी वस्तु हातानें करावी यासारखें दुसरें शिक्षण नाहीं. तें घर स्वतःचें झाल्यावर करावें.

म्हणून आमचा निर्णय सूनबाईंच्या बाजूनें आहे, पण एका अटीवर. प्लास्टिकचा संच आणावा, आणि मुलाच्या गाडींतील चुंबक काढून घ्यावा. तो बहुधा एका खोबणींत बसविलेला असतो, काढण्यास कठीण नाहीं. चुंबक निघाला म्हणजे प्लास्टिकच्या मार्गावरही गाडी लांकडावरच्याप्रमाणें घसरूं लागते. तिच्या तळाशीं शिशाचा लहानसा तुकडा मध्यभागीं चिकटवावा, म्हणजे ती जरा स्थिर होते. वीज पुरविणाऱ्या साधनाचा दाब कमी करण्याची सोय असल्यास आरंभीं तो कमीच ठेवावा. पहिल्या आठवड्यांत गाडी पडेल, व मुलगा चिडेल. त्या वेळीं वडिलांनीं उपदेश न करितां शेजारच्या खांचेंत स्वतः चुंबकावांचूनची गाडी घेऊन खेळावें आणि आपलीही गाडी पडूं द्यावी.

महिन्याभरानें त्यास पुन्हां क्लबांत न्यावें. तेथें एक चांगला परिपाठ असतो, तो मुलास आधींच सांगून ठेवावा. शर्यतींत प्रत्येकास सर्व खांचांतून पाळीपाळीनें गाडी चालवावी लागते, म्हणजे चांगली खांच एकाच्याच वांट्यास येत नाहीं. आणि ज्याची शर्यत चालू नसेल त्यानें वळणापाशीं उभें राहून दुसऱ्यांच्या पडलेल्या गाड्या उचलून खांचेंत ठेवावयाच्या असतात. असा उभा राहिल्यावर गाडी सगळ्यांचीच पडते, हें मुलास आपोआप दिसेल. मोठमोठ्या मिशांच्या गृहस्थांचीही पडते. सर्वांत वेगवान खेळणारा कोठें कळ सोडतो हेंही तेथूनच चांगलें कळतें.

भेटीची रक्कम बाकी राहिली तर तींतून क्लबाची वर्षाची वर्गणी भरावी. काढलेला चुंबक टाकून मात्र देऊं नये. धाकटी बहीण सहा वर्षांची आहे असें पत्रावरून कळतें. ती खेळावयास बसेल तेव्हां तिच्या गाडींत तो घालून द्यावा, आणि एरव्हीं झांकणाच्या डबींत उंच फळीवर ठेवावा, कारण असले लहान चुंबक मुलांच्या तोंडांत जाणें धोक्याचें असतें.