भाषण झालं म्हणजे पैसा आला नव्हे



गोष्ट 1997 सालची आहे. मी नोकरीत नवीन होतो. त्या काळी केंद्राचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मांडीत. रात्री रेडिओवर शेतीसाठीच्या तरतुदी ऐकल्या आणि दुसऱ्या दिवशी पारावर बसून मी सांगून टाकले, "यंदा ठिबकला पैसा आहे, घ्या बसवून." एका तात्यांनी ते मनावर घेतले. काकूंच्या पाटल्या सावकाराकडे गेल्या, नळ्या रानात आल्या. अनुदान मात्र आले पुढच्या वर्षी. तोवर व्याजानेच त्यातला बराच भाग खाल्ला होता. काकूंनी मला एकच विचारले, "साहेब, सरकारनं दिलं म्हणालात, मग ते अडलं कुठं?" मला उत्तर देता आले नाही. ते आज देतो.

आपण अक्षय्य तृतीयेच्या सुमारास खरिपाचा हिशेब मांडतो. बियाण्याला किती, खताला किती, उसनवार किती. दिल्लीचा हिशेब त्याच्याही आधी, ऑगस्ट-सप्टेंबरातच सुरू होतो. अर्थ मंत्रालय सर्व खात्यांना परिपत्रक पाठवते : गेल्या वर्षी खर्च किती झाला, यंदा किती होईल, पुढे किती लागेल ते कळवा. प्रत्येक खाते जास्तच मागते. मग एकेका खात्याला समोर बसवून आकड्यांना कात्री लागते. दुसऱ्या बाजूला जमा धरतात : आयकर, जीएसटी, सीमाशुल्क, आणि कमी पडेल तेवढे कर्ज. अर्थमंत्री शेतकरी, कामगार, उद्योजक यांच्या प्रतिनिधींचेही म्हणणे ऐकून घेतात. शेवटी मंत्रिमंडळ संमती देते.

2017 पासून अर्थसंकल्प 1 फेब्रुवारीला लोकसभेत मांडतात. गंमत अशी की 'बजेट' हा शब्द आपल्या घटनेत नाहीच. 112 व्या कलमात त्याला वार्षिक वित्तीय विवरणपत्र म्हटले आहे. पण त्या दिवशी होते ते फक्त वाचन. मंजुरी पुढे असते.

आधी सर्वसाधारण चर्चा होते. मग सभागृहाला सुटी आणि खासदारांच्या स्थायी समित्या एकेका खात्याची मागणी तपासतात. त्यांचे अहवाल आले की लोकसभेत मागण्यांवर मतदान. एखाद्या खासदाराला एखादी तक्रार मांडायची असेल तर तो शंभर रुपयांची कपात सुचवू शकतो. धोरणच पसंत नसेल तर मागणी एक रुपयावर आणा म्हणतो. वेळ संपला की उरलेल्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकतात. त्याला गिलोटिन म्हणतात. अनेक खात्यांचे कोट्यवधी रुपये असे न बोलताच मंजूर होतात.

त्यानंतर विनियोजन विधेयक येते. ते मंजूर झाल्याशिवाय तिजोरीतून, म्हणजे भारताच्या संचित निधीतून, पैसा काढता येत नाही. करांसाठी वेगळे वित्त विधेयक. ही दोन्ही राज्यसभेत जातात, पण तिने 14 दिवसांत परत करायची. सूचना ती करू शकते, मानायच्या की नाही हे लोकसभा ठरवते. मग राष्ट्रपतींची संमती.

पूर्वी हे सगळे उरकायला मे उजाडायचा. तोवर एप्रिलपासूनच्या खर्चापुरते लेखानुदान घेत. तात्यांचा पैसा पहिल्यांदा अडला तो इथे. मग राज्याचा हिस्सा, मग आदेश, मग जिल्हा, मग तालुका. एवढ्यात पाऊस येऊन गेला. खात्यांना 1 एप्रिलपासूनच पुरता पैसा हाती असावा, पावसाळ्याआधी कामे लागावीत, म्हणून 2017 मध्ये तारीख अलीकडे आणली. तरी आजही केंद्राच्या बऱ्याच योजनांत 60 रुपये केंद्राचे आणि 40 राज्याचे असतात. म्हणजे राज्याच्या अर्थसंकल्पातही तरतूद हवीच.

तेव्हा चार पायऱ्या ध्यानात ठेवा : भाषणात ऐकलेली योजना, संसदेने मंजूर केलेली रक्कम, आपल्या तालुक्याला आलेला लक्ष्यांक, आणि आपल्या नावाचे पूर्वसंमतीपत्र. चौथी पायरी हाती आल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका. आणि पत्र आले की बिल व कागद मुदतीत द्या. मंजूर रक्कम 31 मार्चपर्यंत खर्च झाली नाही तर त्या मंजुरीची मुदत संपते, मग पुन्हा नव्या वर्षाची वाट पाहावी लागते.

आणखी एक. खासदार गावात आले की सत्काराच्या नारळाबरोबर एक प्रश्नही द्या : यंदा शेतीखात्याच्या मागणीवर चर्चा झाली, की ती गिलोटिनमध्ये गेली?

काकूंच्या पाटल्या पुढे सुटल्या, पण माझ्या एका वाक्याची किंमत त्यांनी मोजली. त्या दिवसापासून शासनाचा आदेश डोळ्यांनी वाचल्याखेरीज मी पारावर बोलत नाही.